भाचीची वेगळी फणी

ज्या पोरीचे उपकार माझ्याकडून या जन्मी फिटायचे नाहीत, तिला मी एका वर्षी अडीच महिने गॅलरीत बसवून ठेवलं होतं. कारण एवढंच की घरात उवा झाल्या होत्या. आता हे लिहिताना माझं मलाच हसू येतं आणि हसता हसता लाजही वाटते. पण सांगायचं तर सगळं सांगायला पाहिजे. अर्धं सांगून मोठेपणा घेण्यात काय अर्थ आहे?

ती पोरगी म्हणजे माझ्या नणंदेची थोरली. नणंद दिलेली मंगळवेढ्याकडच्या एका गावात. जमीन थोडी, तीही कोरडवाहू. त्यामुळं दिवाळी झाली की नवराबायको श्रीपूरकडं ऊसतोडीला जायची आणि पार उन्हाळा लागेपर्यंत तिथंच उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहायची. ही पोरगीही बरोबर जायची, कारण धाकट्या भावाला सांभाळायला दुसरं कोण होतं? म्हणजे तिची शाळा दरवर्षी दिवाळीपर्यंतच. अशी तिनं कशीबशी चौथी केली. मग माझे मिस्टर आणि थोरले दीर जाऊन तिला सोलापूरला घेऊन आले. पाचवीपासून आमच्याकडं राहायचं आणि शिकायचं, असं ठरलं.

आमचं घर सात रस्त्याच्या मागं. खाली दीर-जाऊ आणि सासूबाई, वर आम्ही. चूल मात्र एकच. जाऊबाईंना दोन मुलगे आणि एक मुलगी, मला दोघी मुली. त्यात ही भाची आली आणि घरातली पोरं सहा झाली. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचा जन्म मेंढरामागं गेला. मुलं नोकरीला लागल्यावर कळप विकला, तरी त्यांचा हिशेब अजून कळपाचाच. जेवायला बसल्यावरसुद्धा त्या पोरांवर नजर फिरवून मोजदाद करायच्या.

सकाळची कामं आम्ही जावांनी वाटून घेतली होती. जाऊबाई डबे करायच्या आणि मी वेण्या घालायची. चार पोरी, आठ वेण्या, वर दुमडून बांधलेल्या रिबिनी, आणि मला साडेनऊला ऑफिस गाठायचं. माझा हात मशीनसारखा चालायचा आणि तोंडही. मान सरळ ठेव, हलू नको, काल तेल का नाही लावलं, हे सगळं चालू. रिबीन बांधायला दोन्ही हात लागतात, म्हणून कंगवा आपल्याच अंबाड्यात खोचायचा, गाठ मारायची, कंगवा काढायचा आणि पुढचं डोकं घ्यायचं. अशी आठ वर्षं काढलीत मी.

श्रावणात माझ्या धाकटीच्या वर्गाच्या ग्रुपवर बाईंचा मेसेज आला. पालकांनी मुलांचे केस तपासावेत, वर्गात उवा आढळल्या आहेत. मेसेज सगळ्यांना होता, पण मी तो माझ्यावरच घेतला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचला आणि उरलेला डबा तसाच बंद केला. माझ्या पोरींच्या डोक्यात उवा? मी, जी आठवड्यातून दोनदा घरातले सगळे अभ्रे गरम पाण्यात घालते? जाऊबाईंना स्वच्छतेवर जेवढं मी ऐकवलंय तेवढं कुणी कुणाला ऐकवलं नसेल. तेच आता अंगावर येणार, हे मला दिसायला लागलं.

रविवारी आत्याबाईंनी गच्चीवर उन्हात पांढरा टॉवेल अंथरला आणि चष्मा लावून बसल्या. सोलापुरात आणखी काही नसलं तरी घरात टॉवेलला तोटा नसतो. पोरं रांगेत उभी राहिली. आत्याबाई म्हणाल्या, आधी नवी पोर आणा. भाची पुढं झाली. तिचे केस दाट, रापलेले, टोकाला तांबूस. फणी फिरवली तशा टॉवेलवर चार-पाच उवा पडल्या. आत्याबाईंनी अंगठ्याच्या नखावर एक चेचली आणि निकाल दिला. कळपात नवं मेंढरू आलं की त्याला आठ-पंधरा दिवस वेगळं बांधायचं असतं, आपण ते केलं नाही, म्हणून ही पीडा आली. बाकीच्या पोरींच्याही डोक्यात निघाल्या, पण त्या हिच्यामुळं, असंच धरून चाललो आम्ही. मोठ्या माणसांची डोकी बघावीत हे कुणाच्या मनातही आलं नाही. कळपात रोग शिरला तर धनगर स्वतःच्या अंगाकडं थोडाच बघतो?

त्या दिवसापासून भाचीची फणी वेगळी. ओळखू यावी म्हणून मी तिला लाल दोरा बांधला. टॉवेल वेगळा, उशी वेगळी, अंथरूण आत्याबाईंच्या खोलीत कोपऱ्यात. अभ्यास गॅलरीत. पोरी एकत्र बसून डोक्याला डोकं लावतात, म्हणून ती गॅलरीत आणि बाकीच्या आत. आणि तिच्या वेण्या घालायच्या मी बंद केल्या. तिची ती घालायची, जरा वाकड्या यायच्या.

वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण वाईट वाटायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. दोष आमच्या घरातला नाही, बाहेरून आलाय, हे कळल्यावर माणूस कसा निवांत होतो ते मी स्वतःवरून सांगते.

डॉक्टरांकडून औषध आणलं, सगळ्या पोरींना लावलं. आत्याबाईंना सीताफळाच्या बियांची पूड लावायची होती, त्यावरून आमची चांगलीच जुंपली. डोळ्यात गेली तर डोळा जाईल म्हणून मी ती पुडी फेकून दिली, मग त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आठ दिवसांत डोकी साफ झाली. मी देवापुढं साखर ठेवली. आणि गणपतीत बघते तर जाऊबाईंच्या मुलीच्या डोक्यात पुन्हा. मग माझ्या थोरलीच्या, मग धाकटीच्या. पुन्हा औषध, पुन्हा फणी, पुन्हा साफ, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दर खेपेला सगळ्यांची नजर गॅलरीकडं जायची. रात्री हीच त्यांच्या उशीवर झोपली असेल. हिनंच यांची रिबीन घेतली असेल. भाची मान खाली घालून ऐकायची. एकदाही तिनं नाही म्हटलं नाही.

माझंही डोकं त्या दिवसांत खाजायचं. ऑफिसात मी पेनच्या टोपणानं खाजवत बसायची. पण मी केसांना डाय लावते, त्यात सोलापूरचा उकाडा, त्यामुळं मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

नवरात्र संपता संपता जाऊबाईंचा धीर सुटला. त्यांच्या मुलीचे केस गुडघ्यापर्यंत, शाळेत तिला कुणी शेजारी बसू देईना, आणि आता ते केस कापायची पाळी आली होती. त्या जेवताना रडल्या. मिस्टर ताटात बघत राहिले. मग मीच म्हटलं की दिवाळीला ती गावी जाणारच आहे, तर पुन्हा आणायची घाई करायला नको. किती गोड शब्दांत बोलले मी. दिवाळीनंतर श्रीपूरला ऊसतोड सुरू होते आणि एकदा कोपीत गेलेली पोरगी पाचवीच्या वर्गात परत येत नाही, हे त्या पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नणंदेला फोनही मीच केला. ती पलीकडून नुसतं बरं वैनी, बरं वैनी म्हणत होती.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सगळे खरेदीला गेले होते. आत्याबाई खाली लवंडल्या होत्या. मला केसांना डाय लावायचा होता आणि लावून द्यायला जाऊबाई नव्हत्या. दुसरं कुणी नाही म्हणून मी भाचीला हाक मारली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा. डायच्या पाकिटातले प्लॅस्टिकचे हातमोजे तिला घालायला दिले. ती म्हणाली, मामी, आधी फणीनं विंचरून घेऊ का? मी तिला बजावलं की तुझी लाल दोऱ्याची आणू नकोस, आतली आण. तिनं आणली. माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि विंचरायला लागली.

काय हात होता त्या पोरीचा. कोपीतल्या पोराबाळांची डोकी विंचरून विंचरून तयार झालेला. मला डुलकी लागली. मध्येच फोन वाजला म्हणून मी झटकन वळले, तर ती टॉवेलचा कोपरा घाईघाईनं दुमडत होती. मी तो ओढून घेतला. पांढऱ्या टॉवेलवर उवा वळवळत होत्या. एक-दोन नव्हे, चांगल्या मूठभर म्हणाव्यात इतक्या.

मी विचारलं, या कुणाच्या. ती म्हणाली, माझ्याच असतील, पडल्या असतील. तिचं डोकं माझ्यासमोर होतं. अडीच महिने इतकं औषध लावलं होतं आम्ही तिला, की त्यात लीखसुद्धा नव्हती. मी तिचा दंड धरला आणि खरं सांग म्हटलं. तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुमच्या हायत, मामी."

कधीपासून माहीत आहे, तर म्हणे गणपती बसायच्या आधीपासून. मी रिबीन बांधताना कंगवा अंबाड्यात खोचते, तो काढल्यावर त्यावर एक चालताना तिनं दारातून बघितली होती. म्हणजे मीच रोज सकाळी आपल्या डोक्यातली पीडा तिन्ही पोरींना वाटत होते, आणि आठवड्यातून एकदा गॅलरीत जाऊन या पोरीला बोलत होते.

मग बोलली का नाहीस गं, असं मी विचारलं. तिनं हातमोजे काढले, त्यांची नीट घडी घातली. "तुमी हापिसला जाता. लोक काय म्हनतील तुमास्नी? मी तर जायाचीच हाय, माझ्यावरच ऱ्हाऊ द्या की."

दहा वर्षांची होती ती तेव्हा.

इथं मी लगेच उठले आणि सगळ्यांना सांगितलं असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. मी तो टॉवेल बादलीत बुडवला. चप्पल घातली आणि जवळचं मेडिकल सोडून, जिथं मला कुणी ओळखत नाही अशा लांबच्या दुकानात गेले. तिथं पोऱ्यानं विचारलं, कुणासाठी पाहिजे? मी म्हटलं, भाचीसाठी. घरी येऊन बाथरूमचं दार लावून डोकं धुतलं. नंतरचे तीन दिवस मी गप्प. दरवेळी तोंड उघडायची आणि जाऊबाईंना ऐकवलेली सगळी भाषणं आठवायची. भाची काही झालंच नाही अशी वागत होती. ती आपली पिशवी भरत होती.

चौथ्या दिवशी सकाळी नणंद आली. शेंगांचं गाठोडं घेऊन आली होती, पण उंबऱ्याच्या आत येईना. आपल्या आईच्या, भावाच्या घरात पाऊल टाकायला तिला संकोच वाटत होता. पोरीनं लई तरास दिला म्हणाली. गावाकडं गेल्यावर पहिलं हिचं डोकं भादरते, कोपीवर तरी लोक नावं ठेवायला नकोत, असंही म्हणाली. भाची पिशवी खांद्याला अडकवून आईच्या शेजारी उभी. तिनं एकदा आपल्या वेण्यांना हात लावला, तेवढंच.

मी म्हटलं, वन्सं, थांबा, मला काही सांगायचंय. माझा चेहरा बघूनच पोरीला कळलं असावं. ती घाईनं आईचा पदर ओढायला लागली. "आये, चल की, यस्टी चुकंल."

"चुकू दे," मी म्हटलं.

अंबाडा सोडला आणि आत्याबाईंच्या पुढ्यात जाऊन पाठमोरी बसले. त्यांना म्हटलं, आत्याबाई, माझं डोकं बघा. त्या म्हणाल्या, अगं तुझं कशाला? मी म्हटलं, बघा तर. औषधानं उवा मेल्या होत्या, पण लिखा कुठं जातात एवढ्यात? केसाकेसाला चिकटलेल्या. आत्याबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग मी सगळं सांगितलं. कंगव्याचं, टॉवेलचं, लांबच्या दुकानाचं, आणि पोरीला हे गणपतीपासून माहीत होतं तेही. सांगताना माझा आवाज फाटला आणि शेवटी तर मी ढसाढसा रडले. रडायला कधी नव्हे ते लाज वाटली नाही.

आत्याबाईंचा हात माझ्या डोक्यावर तसाच होता. मग त्या म्हणाल्या की नव्याला बांधलं आणि जुन्याकडं बघितलंच नाही, ही चूक त्यांची, कारण निकाल त्यांनी दिला होता. चारचौघांत आपली चूक कबूल करणारी सासू मी पहिल्यांदा बघत होते. त्यांनी भाचीला जवळ बोलावलं आणि पोटाशी धरलं.

जाऊबाईंनी मात्र पोट धरून हसायला सुरुवात केली. त्यांचा तो हक्कच होता. गरम पाण्यातल्या अभ्र्यांवरून त्यांनी मला असं सोललं की विचारू नका. मग आपलेही केस सोडत म्हणाल्या, अगं, माझंही बघ बाई. त्यांच्याही निघाल्या. मग त्याही रडल्या, कारण जेवताना त्यांनी पोरीला काय काय म्हटलं होतं ते त्यांना आठवलं.

आणि नणंद? जिच्या पोरीला मी घराबाहेर काढायला निघाले होते, ती उंबरा ओलांडून आत आली, हातपाय धुतले आणि माझ्या मागं येऊन बसली. मला वाटलं आता चार शब्द ऐकवेल. ऐकवायलाच पाहिजे होते. तिनं माझे केस दोन भागांत केले आणि एकेक लीख नखानं ओढून काढायला लागली. "हलू नगा वैनी," एवढंच म्हणाली. दुपार होईपर्यंत ती काढत होती. मी आजवर पुष्कळांकडून मदत घेतली आहे, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फिरणाऱ्या त्या ऊसतोडीनं चिरलेल्या बोटांइतकं मला कुणी सांभाळलेलं नाही.

भाचीला इथंच ठेवायचं हे कुणी वेगळं ठरवायची गरज पडली नाही. नणंद फक्त म्हणाली की हिचे वडील धाकट्याला कोण सांभाळणार म्हणून कुरकुर करतील. आत्याबाईंनी तिथल्या तिथं जावयाला फोन लावला. धाकट्यालाही दिवाळी झाली की इथं आणून सोडा, मी आहे अजून हिंडती-फिरती, असं त्यांनी बजावलं. जावई काय म्हणाले ते कळलं नाही, पण आत्याबाईंनी फोन ठेवला तो समाधानानंच. नणंद संध्याकाळच्या गाडीनं एकटी गेली.

तिला गाडीत बसवून आल्यावर मी भाचीची पिशवी रिकामी करायला घेतली. कपडे निघाले, एक चप्पलजोड निघाला, शेंगदाण्याची चिक्की निघाली. पुस्तक एकही नाही. मी विचारलं, अभ्यासाचं सगळं कुठं आहे गं? ती चिक्की उचलून ठेवायला लागली. माझी धाकटी तेव्हा चौथीत होती. तीच म्हणाली, मम्मी, ताईनं मला दिलीत सगळी, पुढच्या वर्षी लागतील म्हणून.

धाकटीच्या कप्प्यात ती नीट रचून ठेवली होती. पाचवीची सगळी पुस्तकं, नवी कव्हरं घातलेली. प्रत्येकावरची आपल्या नावाची चिठ्ठी तिनं पाणी लावून, खरवडून काढली होती आणि तिथं माझ्या धाकटीचं नाव लिहिलं होतं. वळणदार अक्षरात, रेघ आखून. गॅलरीत बसून ती अभ्यास करते असं मला वाटत होतं तेव्हा ती हे करत होती.

मी खाली बसले. नव्या चिठ्ठ्या काढल्या, डिंक काढला, आणि एकेका पुस्तकावर तिचं नाव लिहायला लागले. ती शेजारी येऊन बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. शाई वाळावी म्हणून फुंकर घालत होती. तीन-चार पुस्तकं झाल्यावर तिनं माझा हात धरला.

"मामी, खाली इयत्ता बी लिवा की."

मी लिहिलं, पाचवी.